खैरूनदादीची शुक्रवारची शिकवणी

आमच्या मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, म्हणून खैरूनदादीने शिकवणी शुक्रवारीच ठेवली. एरवी त्या खडखडाटात तिचं ऐकणार कोण? विषय एकच: मय्यतीला आंघोळ घालणं.

दादी चाळीस वर्षं मोहल्ल्यातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालतेय, आणि अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं हसणारं दुसरं माणूस नाही. मौतच्या फरिश्त्याबद्दल, म्हणजे मलकुल मौतबद्दल, ती असं बोलते की जणू दोघं एकाच खात्यात नोकरीला. "आधी त्याची ड्युटी, मग माझी. लय सरळ हाय तो. लोक आपल्याला शिव्या देतील म्हणून घाबरला, तर अल्लाहने बहाणे बनवले. ताप बनवला, दमा बनवला, हायवेचे ट्रक बनवले. आता लोक ट्रकला शिव्या देतात."

पण दादी ब्याऐंशीची झाली, हात थरथरायला लागले, आणि तिचं काम शिकायला मनापासून कोणी तयार होईना. "सगळ्यांना मी धुतलं, मला कोण धुणार? पाइप सोडणार का माझ्यावर?" हे ती हसतच विचारायची, पण विचारून झालं की सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

तिची नातसून शबिस्ता तर दारातूनच शिकायची. तिला वाटे, रूह काढून झाली तरी फरिश्ता कोपऱ्यात थांबतो, आणि मय्यतीला पहिला हात लावणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवतो.

"एवढा टाइम हाय का बेटा त्याला?" दादी म्हणायची. "तुझ्यासारखा मोबाइल बघत बसतो का तो?"

त्या शुक्रवारी दादी स्वतःच अंगणातल्या तख्त्यावर उन्हात आडवी झाली. कपड्यांनिशी, वर चादर. शेजारी बोरीचा पाला टाकून उकळलेलं पाणी. आम्ही पाच-सहा जणी भोवती, आणि मय्यत सूचना देतेय. "आधी उजवी बाजू. अगं हळू, मी काय चटई हाय?"

शेजारची फुलाबाई कोथिंबीर मागायला आली ती दारातच थबकली. "हाई काय चालू शे व माय?"

"मेली हाय मी," चादरीतून आवाज आला. "बस, चहा ठेवलाय."

मग ऊन चढलं आणि मय्यत गप्प झाली. हाक मारली, उत्तर नाही. फुलाबाईने पाय हलवून पाहिला, काही नाही. सगळ्याजणी सरकत सरकत भिंतीला टेकल्या. नाकाजवळ बोट धरायची माझीही हिंमत होईना.

शबिस्ता दारातून पुढे आली. रडत होती, पण आली. कोणी गेलं की म्हणतात ते 'इन्ना लिल्लाहि' पुटपुटली, आपल्या रुमालाने दादीची हनुवटी बांधली आणि उजवा हात हातात घेऊन तांब्याने पाणी सोडलं. कोपऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"गाय पाई," मय्यत म्हणाली. तोंड बांधलेलं असताना 'गार पाणी' असंच ऐकू येतं. सकाळी सर्दीची गोळी घेतली होती दादीने, त्यात गाढ झोप लागलेली.

आम्ही किंचाळलो. शबिस्ताने तांब्या काही सोडला नाही. डोळे पुसले, पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"कोमटच आहे. गप पडा दादी, मय्यत बोलत नसते." आणि तिने पाया पडल्यासारखे दोन्ही पायसुद्धा नीट धुतले, उजवा आधी.

संध्याकाळी दादी गल्लीत जिलेबी वाटत फिरली.

"कसली व?" फुलाबाईने विचारलं.

"ठरली माझी धुणारी," दादी सोयरीक सांगावी तशी म्हणाली. "पोरगी घरचीच हाय."