पायगुण

मी माझ्या थोरल्या जावेला फसवलं. तिचं जे होतं ते स्वतःचं म्हणून मिरवलं, आणि ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा चारचौघांत तिलाच खोटी ठरवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. आज सांगते आहे, पण रडत सांगणार नाही. मला रडून बोलता येत नाही, भांडून येतं.

केडगावात रस्त्याला लागून माझ्या दोन खोल्या आहेत. मान अवघडली, कंबर धरली, खांदा वर जाईना, की माणसं माझ्याकडे येतात. गोळी नाही, सुई नाही. गरम तेल, मिठाची पुरचुंडी आणि हे दोन हात. पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असेल, तर मी हात लावत नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवते. बाकीच्यांना उठवून चालतं करते. हे सगळं मी उभं केलं, कुणी आयतं दिलेलं नाही. पण दारावरची पाटी वाचा. मालिश खाली, बारीक अक्षरात. वर ठळक काय? ‘पायाळू. उसण उतरवली जाईल.’

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस. कमरेत उसण भरली, की पायाळू माणसानं पाठीला तीनदा पाय लावायचा, मग ती उतरते – आमच्याकडे असं मानतात. अकोले तालुक्यातल्या आमच्या गावात पायाळू एकच होती. माझी जाऊ, आक्का.

मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले आणि त्याच आठवड्यात बैल दगावला. सासूबाईंनी ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकवलं, “धाकलीचा पायगुनच वंगाळ.” झालं. एकीच्या पायानं माणसं बरी होतात, दुसरीच्या पायानं बैल मरतो. उंबरा तोच, बरं का.

आणि काम कोण करायचं? उसण भरलेला माणूस पालथा पडला, की अर्धा अर्धा तास मी त्याची पाठ चोळायचे. कुठे गाठ आहे ते अंगठ्यानं शोधायचे, शेक द्यायचे. तो सैल पडला की आक्का भातखाचरातून यायची, पायाचा चिखल धुवायची, तीनदा पाय लावायची, मग त्याला वाकून नमस्कार करायची. माणूस उठून बसायचा आणि म्हणायचा, “आक्काच्या पायाला लई गुन हाय.” माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी काय – तेलाची वाटी होते?

हा राग माझा आहे आणि तो मी सोडलेला नाही. तरी पुढचं ऐका.

नवऱ्याला नगरला काम लागलं, आम्ही केडगावात आलो. एकदा मेथीच्या जुडीवरून एका भाजीवाल्याशी माझी घासाघीस चालली होती. तो क्रेट उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी म्हणाले, “थांबा, मला मालिश येते.” तो कण्हत म्हणाला, “मालिश नको बाई. पायाळू कुनी हाय का बघा.” गिऱ्हाइकाला काय हवं ते मला डोळ्यांत दिसतं. मी म्हणाले, “मीच आहे की.”

तीन शब्द. अर्धा तास हात चालवले, मग तीनदा पाय लावला. तो सरळ उभा राहिला आणि बाजारभर सांगत सुटला.

खोटं बोलणं सोपं असतं, सांभाळणं अवघड. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. ढग वाजले, की आक्का खाचर सोडून घराकडे पळायची. मी मात्र कपडे काढायला गच्चीवर जायचे, आणि शेजारीण ओरडायची, “अहो, तुम्ही आत व्हा आधी.” मग लक्षात यायचं – अरे हो, आपल्याला भ्यायचं असतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग दीर वारले आणि आक्का एक पिशवी घेऊन माझ्याकडे आली. न कळवता. बाहेरच्या खोलीत तीन-चार जण बसलेले, त्यात आमच्याच शेजारच्या गावची एक बाई. मी एकाच्या पाठीवर पाय धरला होता. आक्का दारातच थबकली आणि हसली. अगदी सहज, घरच्यासारखी.

“मंगल, तू कवापासून पायाळू झालीस गं?”

चेष्टाच होती ती. मीही हसून म्हणू शकले असते, ही खरी पायाळू, हिलाच पाय लावू द्या. म्हणू शकले असते ना? मी पाय खाली घेतला आणि बसलेल्यांना म्हणाले, “माझी जाऊ. दीर गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. स्वतःलाच पायाळू समजते बिचारी.”

आक्का दारातूनच मागे वळली. सासरच्या त्या सबंध घरात “मंगलच्या हातालाबी गुन हाय” असं म्हणणारी ती एकटी होती. पाणी न पिता ती परतीच्या गाडीला लागली. मी अडवलं नाही. मी पुढचा माणूस आत घेतला.

शेजारगावच्या त्या बाईनं माझं बोलणं गावाकडे नेलं. आता आक्काकडे उसण घेऊन कुणी जात नाही. कुणी चुकून आलंच, तर ती पाय लुगड्याखाली ओढून घेते आणि म्हणते, “माझ्यात काय न्हाई, बाबा.” हे मी पुतणीकडून ऐकलं. ती सहज सांगत होती.

आक्काच्या पायात गुण होता की नव्हता, मला माहीत नाही. माझ्या हातात आहे, हे पक्कं माहीत आहे. बैल मेला तो कुणाच्या पायानं मेला, याचा जाब सासूबाईंनी आणि ओसरीवर बसून माना हलवणाऱ्या सगळ्यांनी द्यायला हवा. तो मी अजून मागते, मरेपर्यंत मागेन.

पण आक्काचे पाय त्यांनी झाकले नाहीत. ती डोईकडून जन्मलेल्या, धडधाकट मंगलची करणी आहे. तिचा जाब केडगावात येऊन मागा. मीच द्यायला पाहिजे.