तळाशी चिकटलेली रेघ

भंडाऱ्याच्या आरोग्य ऑफिसात तक्ते काढणारा तो बाबू ब्लेडने पेन्सिलीला टोक काढतो, ग्राफपेपरवर फुंकर मारतो आणि स्टीलची पट्टी पँटला पुसतो. काम इतकं देखणं, की त्याचा राग आणखीच येतो.

मी नर्स. धरणात गेलेल्या एका गावाच्या नव्या वस्तीतल्या काविळीच्या रुग्णांचा आकडा दर महिन्याला त्याच्याकडे नेते. तो एकाच तक्त्यावर, एकाच मापात, जिल्ह्यातले तापाचे हजारो रुग्ण मांडतो आणि आमची कावीळही. तापाची रेघ डोंगरासारखी चढते-उतरते, आमची तळाशी झोपून असते. साहेब तक्ता पाहून म्हणतात, "तुमच्याकडे शांतता आहे."

या महिन्यात चाराचे चाळीस झाले होते.

"काविळीसाठी उजव्या बाजूला वेगळं माप घ्या ना, भाऊ," मी म्हटलं.

"कायले, सिस्टर? सायबाले दोन मापं समजत नाही."

"मग चाळीसचं टिंब तरी नीट मांडा."

"टिंबं कोण मांडते? तुमची रेघ तं सरळच जाते. पट्टी ठेवतो अन् ओढून टाकतो." हे तो अगदी मायेनं बोलला. "चहा घेता का?"

माझं डोकंच सणकलं. मी त्याची पट्टी उचलून पिशवीत टाकली.

त्यानं माझाच आकड्यांचा कागद न वाचता दुमडला, त्याची कड तक्त्यावर ठेवली आणि रेघ ओढली. सरळ.