उजवा कान

आमच्या गल्लीतला कीबोर्डवाला सदा घाईत असतो. सकाळी चर्चमधली प्रार्थना, दुपारी लग्न, रात्री देवीचा जगराता नाहीतर भीमगीतं. "गोंदियात देव अलग अलग, पण सूर सबको चाहिए," असं तो गाडीला किक मारता मारता सांगतो. डीजेवाल्यांचं नाव काढलं की मात्र त्याचं डोकं फिरतं.

हिवाळ्यात तो बोलताना मान वळवून उजवा कान पुढे करू लागला. विचारलं तर म्हणाला, "सर्दी हाये." उन्हाळा आला तरी ती सर्दी गेली नाही.

मग एके दिवशी तो माझ्या दारात आला. "भाऊ, उद्या आमगावले लग्न आहे. माझ्या बाजूले बसून राहाल का? डावा कान गेला. आता उजवाही जाऊन राहिला. सूर सुटला तर गुडघ्याले हात लावा."

"मला सुरातलं काय कळतं?"

"गाणारीच्या तोंडाकडे पाहा. तिले कळते."

मी गेलो. पूर्ण वेळ तिच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. तिसऱ्या गाण्यात तिच्या कपाळावर आठी पडली आणि मी त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याची बोटं थबकली, बाजूच्या पट्टीवर सरकली. आठी गेली. मांडवात कुणाला काही कळलं नाही.

परतताना तो गल्लीत गाडी थांबवून म्हणाला, "परवा चिचगडले आहे. रिकामे आहा ना?"

मी हो म्हणालो. तो उजवा कान पुढे करून माझ्याकडे पाहतच राहिला.

मग मी मान हलवली.