घड्याळजी आणि काळी पट्टी

घड्याळजींना बंद वस्तू बघवत नसे. दुकानात घड्याळं उघडत ते ठीक, पण घरातला मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची बेल, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी फाडलेली. कपाळावर हात मारून मारून बायकोचा हात दुखायला लागला होता.

अशात त्यांच्या नाकाच्या कडेला, डोळ्याला अगदी लागून, न भरणारी पुळी आली. कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो गोठवून मारला, पण डोळ्याला दिसला तेवढाच. काठाला उरलेला पुन्हा उगवला.

"या वेळी आधी मलम लावू," बाई म्हणाल्या. "कॅन्सर ते शोषून घेतो आणि निळ्या दिव्याखाली गुलाबी चमकतो. चमकेल तेवढं गोठवायचं. आता राहिला तर पापणीच काढावी लागेल. मलम मुरेपर्यंत वर पट्टी राहील, तिला हात नाही लावायचा. उजेड लागला की चमक जाते."

मलम लागलं, वर काळी पट्टी बसली. बायको पाणी प्यायला म्हणून गेली. परत येते तर हे खिडकीत, हातात आरसा, पट्टी गालावर लोंबतेय!

"अहो! काय चाललंय?"

"अगं, चमकतंय का बघत होतो. काही चमकत नाही. मलम जुनं असणार."

"भर उन्हात काय चमकणार, डोंबल?"

झालं. दिव्याखाली धड काहीच दिसेना. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

घरी तिने देवापुढे हात जोडले. "यांचा आजार तू बघ. यांचे हात मी बघते."

पुढच्या खेपेला पट्टी बसताच तिने पिशवीतून स्वयंपाकघरातलं बंद घड्याळ काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"किती वर्षं सांगतेय, आज करा."

"इथे?"

"इथेच!"

घड्याळजींनी उघड्या डोळ्याला भिंग लावलं आणि ते पट्टी विसरले.

अंधाऱ्या खोलीत गुलाबी चमक थेट पापणीच्या मुळापर्यंत गेलेली दिसली. बाईंनी त्या रेघेबरहुकूम गोठवलं. घड्याळजी 'स्स' करत राहिले.

जखम भरल्यावर पुन्हा तोच निळा दिवा लागला. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. बायकोने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"काही चमकत नाही. पापणी वाचली."

बायकोने डोळे मिटले आणि देवाला हात जोडले. जोडायचे म्हणजे मनगट सोडावं लागलं.

"आजोबा!" बाई ओरडल्या. "दिव्याचा स्क्रू लावा परत!"