फाशांवरचा तास
लुडोचे फासे खुळखुळले की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी धारवाडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. एकदा दुष्काळाचा धडा खेळातून घेतला; प्रत्येकाला गावातली एक भूमिका दिली, पाऊस पडणार की नाही ते फासे ठरवणार. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी पाटलीण होऊन सावकाराला ठणकावत होती, ‘अण्णा, कोठार उघडा, नाहीतर आम्ही फोडू!’ तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. ‘एन्री इदु? काय आहे हे? कॉलेज आहे का जुगाराचा अड्डा?’ म्हणत त्यांनी फासे खिडकीबाहेर भिरकावले. ‘सर, हा अभ्यासच आहे!’ मी ओरडले. ‘अभ्यास पुस्तकात असतो, बाई.’ ती मुलगी मुकाट खाली बसली आणि वर्ष संपेपर्यंत वर्गात पुन्हा बोलली नाही. आता अशा खेळांवर परिसंवाद होतात, मला मानानं बोलावतात. त्या माणसाला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.