मागच्या दाराचा डबा

जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या वस्तीत लग्न निघालं की मंडपवाल्याच्या आधी अंजनीकडे सांगावा जायचा. अंजनी गजभिये. माहेर भंडाऱ्याकडचं, तुमसरच्या पुढं. लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा एक पेटी अन् एक मटका घेऊन आली. पेटीचं काय झालं ते कोणाला आठवत नाही. मटका अजून आहे. पाण्याचा नव्हे, रोटीचा. विस्तवावर पालथा घालायचा, बूड चांगलं तापू द्यायचं. गव्हाचं पीठ फडक्यातून चाळून, सैल भिजवून, आपटून आपटून त्याला तार आणायची. मग गोळा तळव्यावर घेऊन कोपरापर्यंत ओघळू द्यायचा आणि अंगावरचा पदर फेकावा तसा मटक्यावर फेकायचा. लंबी रोटी. मटणाच्या रश्श्यात बुडवली की दात लावायचं कामच नाही.

अंजनी रोट्या करायची ती कनातीच्या मागं बसून, पंगतीकडे पाठ करून. तशीच पद्धत. रोटी मागं सरकवायची, वाढणारे उचलून नेणार. कोण खाऊन राहिलं ते तिनं कधी पाहिलं नाही.

एक दुसरी पद्धतही होती, ती कोणी बोलून दाखवत नसे. तिची सासू पार्वताबाई होती तेव्हा दिवेलागणीला मागच्या दाराशी डबे यायचे. भोसल्यांच्या चाकरीत आलेली जुनी मराठी घरं आहेत शहरात, त्यांच्याकडचे. डबा आणणारा नोकर मालकाचं नाव घेत नसे. त्या घरांत आमच्यातलं कोणी कधी घोटभर पाणी प्यायलेलं नव्हतं, पण रोटी मात्र तिकडे जायची, फडक्याखाली झाकून. नवी असताना अंजनीनं विचारलं, "आत्याबाई, हे कोणाचे डबे होत?" पार्वताबाई म्हणाली, "डबा भर. विचारू नको." त्यांतला एक पितळेचा होता, झाकणावर मोर बसवलेला. मोराची मान एका बाजूला वाकलेली. अंजनीनं तो बऱ्याचदा भरला.

आता बापूचं. बापू म्हणजे अंजनीचा धाकटा भाऊ. जहाजावर स्वयंपाकी होता, परदेशी टुरिस्टांच्या मोठ्या जहाजावर. तिथं मेक्सिकन खाणं शिकला. कंबर धरली तसा जहाज सोडून बहिणीकडे आला अन् म्हणाला, "ताई, आपण हॉटेल काढू. मेक्सिकन."

"ते काय असते?"

"राजमा असते, मका असते, टमाट्याची कच्ची चटणी, कोथिंबीर, लिंबू. अन् ते सारं पोळीत गुंडाळून द्यायचं."

"एवढं शिकायले जहाजावर गेलता?"

बापू हसला नाही. त्याच्या डोक्यात फुहाऱ्यामागची, म्हणजे कारंज्याच्या चौकामागची गल्ली बसली होती. ती गल्ली मधल्या काळात मेलेली होती. टॉकीज बंद, कापडाची दुकानं बंद, नालीवर डुकरं. मग नगर निगमनं फरशी घातली, खांबांवर जुन्या थाटाचे दिवे लावले, तारा जमिनीखाली घालू म्हणाले अन् अर्ध्याच घातल्या. पण पोरंपोरी यायला लागली. कॉफीचं दुकान निघालं. मोबाइलच्या दुकानांसाठी मोबाइलवाले जागा शोधत फिरून राहिले होते.

जागा भय्यासाहेबांची होती. जुनं मराठी घराणं, गल्लीतले निम्मे गाळे त्यांचे. माणूस बोलायला गोड. अंजनी अन् बापू त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी ओट्यावर खुर्च्या टाकायला लावल्या.

"मेक्सिकन काढा, जपानी काढा, माझी ना नाही," भय्यासाहेब म्हणाले. "गल्ली सुधरून राहिली आहे, चांगलंच आहे. फक्त दोन गोष्टी. मांस-मच्छी नको. आणि ते मटकाबिटका समोर मांडू नका."

मटक्याचं नाव कोणी काढलंच नव्हतं. बापूनं मान खाली घातली. "नाही जी, आपलं तर सगळं मॉडर्न राहीन."

अंजनीचं लक्ष आत गेलं होतं. उघड्या दारातून आतल्या खोलीतली फळी दिसत होती. फळीवर पितळेचा डबा होता. झाकणावर मोर, मान वाकलेली.

घरी जाताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "या माणसाले मटका आठवते."

सौदा असा ठरला की दिवाळीपर्यंत पाहायचं. चाललं तर करार, नाही तर गाळा मोबाइलवाल्याला. तोवर शटरला दोन कुलपं: खालचं बापूचं, वरचं भय्यासाहेबांचं. रोज सकाळी त्यांचा म्हातारा नोकर सुखराम येऊन वरचं उघडायचा. मागं नालीकडे एक दार होतं, त्याला मात्र साधी कडी.

अंजनीनं वस्तीतल्या बायांच्या फंडातून मिळालेली सारी उचल त्यात घातली अन् लग्नांच्या रोट्यांची कामं दुसऱ्या बायांना देऊन टाकली. परतायला काही ठेवलं नाही. बापूनं बोर्ड रंगवून आणला, "कासा अंजनी". कासा म्हणजे तिकडच्या भाषेत घर. नाव बाहेर लागलं अन् अंजनी आत, भांडे घासायच्या मोरीपाशी. गॅसची भट्टी समोर, काचेपाशी, तिथं बापू टोपी घालून उभा राहणार. पोळ्या दिल्लीहून तयार येणार, पाकिटातल्या, एकसारख्या गोल. फ्रीजर भरून ठेवला होता.

दसऱ्याला उघडायचं ठरलं. भय्यासाहेब गल्लीतले व्यापारी घेऊन येणार होते. "त्या दिवशी काय ते दिसून जाईल," ते म्हणाले होते. गोडच आवाजात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवीच्या मिरवणुकीसाठी गल्लीच्या तोंडाशी उंच कमान उभारली. तारा आड येत होत्या म्हणून लाइन कापली. ती रात्रभर आलीच नाही. बापू घरी होता, त्याला पत्ता नाही. दसऱ्याला अंजनी सकाळी विहारात वंदना करून बापूसोबत थेट गाळ्यावर आली, तर फ्रीजरखालून पाणी वाहून राहिलेलं. पाकिटं उघडली. पोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला, आंबूस वास.

बापू खाली बसून एकेक पोळी सोडवून पाहायला लागला.

"तव्यावरच्या पोळ्या करू," अंजनी म्हणाली.

"एवढ्या लोकांले? अन् त्या गुंडाळल्या की तुटते ताई. मी करून पाहिलं."

"मंग लंबी रोटी."

बापूनं वर पाहिलं. "भय्यासाहेबानं काय सांगतलं, विसरली काय?"

"नाही विसरली."

"मंग काहून म्हणते?"

"घरी पीठ भिजवून ठेवलं हाय. आज सण, पाहुणे येऊन राहिले जेवायले, म्हणून पहाटेच भिजवलं. मटका बी हाय."

"मागं कर मग. मोरीपाशी."

"मोरीपाशी गॅस कुठी हाय? नळी तूच समोर नेली."

खरं होतं. भट्टी एकच, ती काचेपाशी. बापू गाळाभर फिरला. "आज नको उघडू. तब्येत बिघडली सांगू."

"दुकान बंद दिसलं का तो मोबाइलवाला उद्या माप घ्यायले येते."

"अन् मटका दिसला तर?"

"तरी येते," अंजनी म्हणाली. "पण रोट्या खपल्यावर येते. जा, ऑटो आण."

मटका मांडीवर धरून तिनं आणला, लेकरू आणावं तसा नव्हे, हंडा आणावा तसा, पाय रोवून. पिठाचं मोठं पातेलं बापूच्या हातात. घरी आलेल्या पाहुण्यांना मटणासोबत भात खायला लागला. त्यावर भंडाऱ्याच्या मामीनं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भट्टी पेटली. मटका पालथा पडला. अंजनी सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पाठ काचेला. मग पाहिलं तर हात भिंतीला घासून राहिला, गोळा ओघळायला जागाच नाही. ती फिरली. तोंड गल्लीकडे झालं.

मिरवणुकीची गर्दी कमानीतून येत होती. पहिली रोटी कोपरावरून उतरली तसं काचेपाशी एक पोरगं थांबलं, मग त्याची आई, मग कॉलेजातल्या पोरी फोन वर करून. "ये क्या है दीदी?" कोणी विचारलं. बापू सांगणार होता काहीतरी मेक्सिकोचं, त्याच्या तोंडाशी आलेलं होतं. अंजनी म्हणाली, "लंबी रोटी." बापूनं रोटी चौघडी केली, आत राजमा, जवळच्या पनागरचा मका, कच्च्या टमाट्याची चटणी, वरून लिंबू पिळला अन् कागदात गुंडाळून दिली. रांग लागली.

भय्यासाहेब आले तेव्हा लोकांनी वाट दिली. सोबत तीन-चार व्यापारी. ते पायरीपर्यंत चढले अन् थांबले. मटक्याकडे पाहिलं. अंजनीचा हात गोळ्यासकट हवेत होता. गोळा थांबवता येत नाही, थांबवला तर फाटतो. तिनं फेकला. रोटी मटक्यावर बसली, फुगली, पापुद्रा सुटला. भय्यासाहेब सारं पाहून राहिले होते.

"या साहेब, बसा," बापू पुढं झाला. "टेबल राखून ठेवलं."

"नको," भय्यासाहेब म्हणाले. "तुमची गडबड आहे." अन् पायरी उतरले. व्यापारीही उतरले. एक जण जाता जाता कागदातली गुंडाळी घेऊन गेला, ते भय्यासाहेबांच्या ध्यानात आलं नाही.

पीठ संपलं तेव्हा बापू गल्ल्यापाशी बसून नुसता घाम पुसत होता. "खपलं सारं," तो म्हणाला. "अन् गाळाही गेला."

अंजनी मटका निवायची वाट पाहून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखराम आला नाही. खालचं कुलूप बापूनं उघडलं, वरचं लटकलेलं. समोरच्या कॉफीवाल्यानं पाहिलं अन् न पाहिल्यासारखं केलं. दोघं फिरून मागच्या दारानं आत गेले. आत अंधार, शटरच्या फटीतून उजेडाची रेघ. अंजनीनं तशातही भट्टी पेटवली. पीठ तिनं घरूनच भिजवून आणलं होतं.

"कोणासाठी?" बापूनं विचारलं.

"लाग टमाटे कापायले."

बापूनं चाकू घेतला नाही. तो फटीपाशी जाऊन उभा राहिला. गल्लीत मोबाइलवाला दिसतो का ते पाहून राहिला होता. थोड्या वेळानं मागची कडी वाजली.

सुखराम होता. हातात फडक्याखाली झाकलेलं काही. फडकं सरलं तशी मोराची मान दिसली.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आठ रोटी दे दो. घर में मटन बना है."

अंजनीनं डब्याकडे पाहिलं. बापू मागून घाईनं आला. "देतो भैया, देतो. ताई, भर लवकर."

"थांब," अंजनी म्हणाली. मग सुखरामला, "रोट्या हायेत. पण इथून नाही. मालकाले म्हणावं, समोरून या, बसून खा."

"समोर तर ताला लगा है, बाई."

"त्याइचंच हाय."

सुखराम उभाच राहिला. मालकाचा डबा रिकामा परत नेण्याची त्याला सवय नव्हती. "क्या बोलूं जाके?"

"जे बोलली तेच."

तो गेला. बापूनं दार लावलं अन् भिंतीला टेकला. "आठ रोट्या दिल्या असत्या तर दुपारपर्यंत कुलूप निघालं असतं. सासूनं जिंदगीभर दिल्या ना?"

"दिल्या. म्हणून तर तो मागच्या दारानं येते."

"आपलं सगळं यात गेलं ताई. तुह्या फंडाचं, माह्या जहाजाचं."

"माहीत हाय मले."

"मंग काहून अडून राहिली?"

"आज भरला डबा, तर उद्या बी मागचं दार. मंग समोर बोर्ड कशाले लावला माह्या नावाचा?"

मटका तापून वास द्यायला लागला. अंजनीनं ज्योत कमी केली, मग पुन्हा वाढवली. बाहेर कोणाची पावलं आली की बापू फटीशी जायचा. एकदा पावलं शटरपाशीच थांबली. बोलणं ऐकू आलं, माप, फूट, रुंदी असं काही. मोबाइलवाला. बापूनं डोळे मिटले. पावलं गेली.

मग काठीचा आवाज आला, फरशीवर सावकाश. तो शटरपाशी थांबला. मग कुलपात किल्ली फिरली. शटर अर्धं वर गेलं अन् अडकलं. बापूनं आतून जोर लावला तेव्हा उजेड एकदम आत आला.

भय्यासाहेब एकटेच होते. मागं गल्लीत सुखराम, डबा काखेत. ते वाकून आत आले, काचेपाशीच्या टेबलावर बसले. गल्लीतून येणाराजाणारा पाहत होता. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. कुलूप हातातच होतं.

अंजनीनं गोळा घेतला. रोटी उतरवली, चौघडी केली, ताटलीत घालून राजम्यासकट समोर ठेवली.

"मटण नाही इथं," ती म्हणाली. "तुमचीच अट होती."

"माहीत आहे," भय्यासाहेब म्हणाले. पहिला घास त्यांनी नुसत्या रोटीचा घेतला. मग राजमा घेतला, मग चटणी. चटणीनं नाकाला पाणी आलं. एक संपल्यावर त्यांनी दुसरी मागितली नाही, नुसती ताटली पुढं सरकवली. अंजनीनं वाढली.

"मटका जरा आत घेता नाही का येत?" खाता खाता त्यांनी विचारलं.

"आत गॅस नाही."

"नळी नेता येते आत."

"येते," अंजनी म्हणाली. अन् पुढचा गोळा कोपरावर ओघळू दिला.

हात धुतल्यावर ते थोडे घुटमळले. "घरी आमच्या हिच्यासाठी, अनसूयेसाठी, दोन न्यायच्या होत्या. ती बाहेर कुठं खात नाही."

"त्याइलेही आणा. बसायले जागा हाय."

भय्यासाहेबांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. काठी घेतली अन् गेले. मागोमाग सुखराम, रिकामा डबा काखेत.

कुलूप टेबलावर राहिलं होतं, किल्ली लावलेली. बापू ते द्यायला धावत निघाला तसं अंजनीनं त्याला थांबवलं. दिवाळीनंतर करार झाला, तोही गोड बोलूनच. त्यात मटक्याचा शब्द नाही, मांसाचा आहे. मटका काचेपाशीच आहे. अनसूयाबाई काही अजून आल्या नाहीत.