डोंबिवलीच्या मामांची पहिली रांग

फुकटचं नाटक आमच्या डोंबिवलीच्या मामांइतकं मनापासून पाहणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. मामा म्हणजे आईचे मामेभाऊ. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मे महिन्यात ठाण्याच्या तलावाकाठच्या बागेत आमचं मंडळ उघड्यावर नाटकं करी, तेव्हा मामा आमच्याकडे मुक्कामाला येत आणि सहाच्या नाटकाला चार वाजताच, डोक्यावर ओला पंचा टाकून, पहिल्या रांगेत बसत. झाडाखाली पडदा रंगवणाऱ्याला म्हणत, "एकादशीचा प्रवेश ना? मग एवढा गोल चंद्र कुठून आणलास?" आणि त्या बिचाऱ्याकडून चंद्र पुन्हा रंगवून घेत. नाटकं त्यांना तोंडपाठ. नटाच्या आधी त्यांचे ओठ हलत, कधी आवाजही फुटे. मंडळाच्या चिटणिसांचा त्यावरून त्यांच्यावर राग होता.

त्या वर्षी प्रॉम्प्टर म्हणून मी पहिल्यांदाच विंगेत उभा राहिलो. तिसऱ्या अंकात वाऱ्याने वहीची सुटी पानं उडाली. मी ती घाईत उलटसुलट लावली आणि राजाला भलत्याच प्रवेशातलं वाक्य दिलं. राजा अडखळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती पानं चाळत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामांनी खरं वाक्य खणखणीत सांगितलं. लोक खो खो हसले, आणि पुढे नाटक उभं राहिलंच नाही.

चिटणिसांनी खडसावलं तेव्हा मी म्हणालो, "मामा मध्येच बोलले, म्हणून राजा गडबडला." राजालाही ते सोयीचं होतं. मामांना नाटकाच्या वेळी बागेत यायची मनाई झाली.

घरी मी त्यांच्यापाशी कबूल केलं. "मी समोरच बसलेलो रे," ते म्हणाले, "पानं उडालेली दिसली मला." उद्या चिटणिसांना खरं सांगतो, असा मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून फाटकाशी आले. चिटणिसांनी अडवलं. मामांनी लांबून माझ्याकडे पाहिलं. नाटक झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणत मी वहीत डोकं घातलं.

"मी आपला तलावावर फिरायला आलोय," मामा चिटणिसांना म्हणाले, आणि खरोखरच तलावाला एक फेरी मारून घरी गेले.

पुढच्या मे महिन्यात ते आले नाहीत. आईच्या पत्राला उत्तर आलं, हल्ली उन्हाळा सोसत नाही. नंतरही दर वर्षी तेच उत्तर येत राहिलं. आता मामा नाहीत, चिटणीसही नाहीत, म्हणून हे तुम्हाला सांगतो. चूक माझी होती. आणि उन्हाळा मामांना उत्तम सोसत असे.